पोरगं रिमांड होममध्ये गेलं, आता काय करायचं?

मी नागपूरच्या नंदनवन भागात खानावळ चालवते. सकाळी तर्री-पोहे, रात्री चपाती, भाजी, वरण, भात. जेवायला बहुतेक इंजिनीअरिंगची पोरं. 2018 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा नऊ रात्री निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे, होता. तेव्हा तो सोळा वर्षं चार महिन्यांचा. आज तो बुटीबोरीला फिटर आहे. हे लिहायला मी त्याला विचारलं, तर म्हणाला, लिही, फक्त माझं नाव नको.

त्यानंतर दोन वर्षांनी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण घेऊन विधी स्वयंसेवक झाले. तेव्हापासून रात्री भांडी घासायच्या वेळेला फोन येतात. "काकू, पोराले पोलिसायनं नेलं." मग मी तेच तेच सांगते, आणि समोरचा घाबरलेला असतो म्हणून त्यातलं अर्धं विसरतो. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

फोन आला त्या रात्री

घरातला कोणीतरी लगेच ठाण्यात जा. आई आणि बाप दोघंही गेलात तर उत्तम. आमच्याकडे पहिली धाव वस्तीतल्या भाऊकडे असते, ज्याचा फोटो फ्लेक्सवर असतो. भाऊला नंतर भेटा. ठाण्यात पोराला तुम्ही दिसले पाहिजे.

अठरा वर्षांखालच्या मुलाला कायदा आरोपी म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. शब्द जड आहे, पण ठाण्यात तो उच्चारला की बोलण्याची पट्टी बदलते, हे मी पाहिलं आहे. बाल न्याय अधिनियम 2015 चा, 15 जानेवारी 2016 पासून लागू. त्यातलं सुरुवातीला लागणारं एवढंच: मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, तुरुंगात तर नाहीच. बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर उभं करावंच लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मुलाशी बोलणं त्याचं काम, आणि तेही गणवेशात नाही, साध्या कपड्यात. मुलगी असेल तर महिला पोलीस हवी. जबाबावर मुलाची सही घ्यायची नसते. तुम्हीही कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही गोड बोलले तरी.

चार गोष्टी कागदावर लिहून आणा: कोणतं कलम लावलं, डायरीची नोंद कितीची, अधिकाऱ्याचं नाव काय, आणि उद्या किती वाजता कुठे हजर करणार. साध्या गुन्ह्यात मुलावर एफआयआर होत नाही, नुसती डायरीला नोंद होते. पण मोठ्या माणसाला कमीत कमी सात वर्षं शिक्षा होईल असा गुन्हा असेल, किंवा पोरासोबत कोणी अठराच्या वरचा असेल, तर एफआयआर होते. आमचं दुसरं होतं. चार पोरं एका चोरलेल्या मोटारसायकलवर आलटून पालटून फिरत होती, त्यातला एक एकोणीस वर्षांचा. तो वर्धा रोडला मध्यवर्ती कारागृहात गेला, माझा निरीक्षणगृहात. दोघांचा खटला एकत्र चालत नाही, तशी कायद्यातच मनाई आहे. त्या पोराची आई माझ्या ओळखीची. वयातल्या तीनेक वर्षांच्या फरकानं दोन बायका दोन वेगळ्या फाटकांवर उभ्या राहिल्या.

मी ठाण्यात पोचले तेव्हा धाकटा एका बाकावर बसला होता, चपला काढून, दोन्ही हात मांडीखाली घालून. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत बसायचा तसाच. त्याच्या बापासारखी दाट मिशी त्याला नववीतच फुटली होती. हवालदारानं ती मिशी पाहून कागदावर वय टाकलं होतं एकोणीस.

वयाचा कागद

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण नव्वद टक्के धावपळ याचीच असते.

वय मोजतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. पकडलं त्या दिवशीचं नाही, तारखेच्या दिवशीचंही नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असताना घडलं आणि पुढे चौकशी चालू असताना तो एकोणीसचा झाला, तरी प्रकरण मंडळातच चालतं. आणि चुकून मोठ्यांच्या कोर्टात गेलंच, तर 'हा तेव्हा लहान होता' हे कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतं, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. उशीर झाला म्हणून कोणी हाकलू शकत नाही.

कोणता कागद चालतो याचा क्रम कायद्यात दिला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, जी मेडिकल कॉलेजसारख्या सरकारी दवाखान्यात होते. हाडांची तपासणी आपणहून मागू नका. तिच्यात वय अंदाजाने येतं, आणि सोळा-अठराच्या काठावरच्या पोराला एक वर्ष इकडेतिकडे फार महाग पडतं. आधार कार्ड या यादीतच नाही. लोक मोठ्या विश्वासाने आधार काढून दाखवतात. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा नाही.

त्या रात्री मला वाचवलं ते एका झेरॉक्सनं. सातवीनंतर शाळा बदलली तेव्हा टीसीची एक प्रत काढून मी लोखंडी पेटीत टाकली होती, लग्नातल्या शालूच्या घडीत. मोठ्या मुलानं घरी जाऊन तिचा फोटो काढून पाठवला. मोबाइल हवालदारासमोर धरला, तेव्हा त्यानं एकोणीसवर रेघ मारून सोळा लिहिलं. त्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्याच्यासमोर कागद नव्हता आणि मिशी होती.

पण झेरॉक्सवर पुढचं निघत नाही, मूळ नोंद लागते. एप्रिलचा शेवट, शाळेला सुट्या लागलेल्या, बाबू गावी गेलेला. म्हणून मी महानगरपालिकेच्या झोन ऑफिसला गेले. तिथे कळलं की जन्माची नोंद आहे, तारीख आहे, आईबापाचं नाव आहे, पोराच्या नावाची जागा कोरी! दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालं नव्हतं, आणि नंतर नाव चढवायला आम्ही कोणी गेलो नाही. दोन दिवस त्यात गेले. शेवटी शाळेचे मुख्याध्यापकच सुट्टीत येऊन कुलूप उघडून बसले आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा सही-शिक्क्यानिशी दिला. या माणसाला मी आजही दिवाळीला चिवडा पाठवते.

तुमच्या घरी पोरं असतील तर हे वाचून झाल्यावर त्यांचा जन्मदाखला काढून बघा, नाव चढलं आहे का. रिमांडशी काही संबंध नसला तरी बघा.

मंडळासमोर

ते कोर्टासारखं असेल असं वाटून मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. तिथे उंच चौथरा नसतो, कठडा नसतो. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असे तिघं मिळून मंडळ होतं, त्या दोघांत निदान एक बाई असते. आम्हाला रविवारी हजर केलं. मंडळाची बैठक नसली की एका सदस्यासमोरही मुलाला उभं करता येतं. 'सुट्टी आहे, सोमवारी बघू' असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घरी येऊ नका.

जामिनाबद्दल बहुतेकांच्या डोक्यात सिनेमा असतो. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हा मुद्दाच नाही. सोडणं हा नियम आहे, जामीनदार असो वा नसो. कायदा तीनच कारणांनी नाही म्हणू देतो: तो सुटून ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडण्यानं न्यायाचाच हेतू फसेल. आणि नाही म्हटलं तर कारण लिहावं लागतं. त्या आदेशाची प्रत मागून घ्या, कारण 30 दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील करता येतं. त्याच्याही वर आपल्याकडे उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. जामीन मिळाला पण अटी झेपल्या नाहीत, असं होऊन सात दिवस गेले, तर मंडळाला त्या अटी बदलण्यासाठी पुन्हा बघावं लागतं. हे सात दिवसांचं बऱ्याच वकिलांनाही आठवून द्यावं लागतं.

आता ती तीन कारणं पुन्हा वाचा. तिन्हींच्या पोटात एकच प्रश्न आहे, आणि मंडळातल्या मॅडमनी मला तो पहिल्याच दिवशी विचारला. "घरी कोण असतं?"

मी म्हटलं, आम्ही सगळेच असतो.

"संध्याकाळी सात ते दहा?"

धाकट्याचा बाप कळमना बाजारात हमाली करतो. पहाटे तीनला निघतो, म्हणून संध्याकाळी सातला झोपतो. मोठा तेव्हा कंपनीत दुसऱ्या पाळीला. मी सात ते दहा मेसमध्ये, हात कणकेत. आणि मोटारसायकल चोरीला गेली ती रात्री सव्वाआठला. मला उत्तर सुचलंच नाही. त्यांनी पोराला परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल येईपर्यंत निरीक्षणगृहात ठेवलं.

परिविक्षा अधिकारी घरी येतात तेव्हा

अख्ख्या प्रकरणात माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. तो घर बघतो, शाळा बघतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. कायद्यानं दोन आठवड्यांत तो मंडळाकडे जायला हवा. अहवाल मंडळाच्या टेबलावर पोचत नाही तोवर पोरगं लटकलेलं राहतं. म्हणून वाट बघत बसू नका. अधिकाऱ्याचं नाव विचारा, नंबर घ्या, आपणहून फोन करा: साहेब, आम्ही घरीच आहोत, कधी येता?

आमच्याकडे आले ते दुपारी दीडला, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, हेल्मेट हातात. मी पळत जाऊन सरबत केलं. त्यांनी घेतलं नाही, नुसतं पाणी प्यायले. लोक अशा वेळी घर आवरून, देवाला हार घालून, पोराचं जुनं ढाल-कप पुढे मांडून बसतात. मीही मांडला होता एक, खो-खोचा. त्यांनी विचारलं ते वेगळंच. पोरगं कुठे झोपतं? त्याच्या हातात पैसे कुठून येतात? तो शाळेत शेवटचा कधी गेला? इथे मी खोटं बोलले नाही, कारण शाळेतून ते आधीच जाऊन आले होते. मार्च महिन्यात अकरा दिवस गैरहजर. मला माहीतच नव्हतं.

खोटं बोलू नका, आणि नुसतं रडूही नका. त्यांना पुढचं काय ते सांगा. मी उमरेडच्या बहिणीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं पिशवी घेऊन आली, आमच्याकडे सहा महिने राहायला. मेसची रात्रीची पाळी मी साडेआठला बंद करायचं ठरवलं, नऊ गिऱ्हाइकं गेली. शाळेत पुन्हा बसवण्याचं मुख्याध्यापकांचं पत्र घेतलं. हे सगळं एका पानावर लिहून, सही करून त्यांच्या हातात दिलं: सकाळी घरी कोण, दुपारी कोण, सात ते दहा कोण. पानाला मथळा नव्हता, भाषा मेसच्या हिशेबाच्या वहीतली. नवव्या दिवशी मंडळानं ते पान समोर ठेवून बहिणीलाच विचारलं, "तुम्ही राहणार ना?" ती म्हणाली, "राहाले तर आली ना बाई." माझ्या हमीपत्रावर पोरगा सुटला.

तुमच्याकडे उमरेडची बहीण नसेल. मामा असेल, आजी असेल, वर्कशॉपवाला असेल जो संध्याकाळी पोराला शेजारी बसवून घेईल. उत्तर माणसाच्या नावासकट पाहिजे.

आत काय असतं

रिमांड होम हा जुना शब्द, पेपरवाले बालसुधारगृह लिहितात, आणि लोक सगळं एकच समजतात. चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात ते निरीक्षणगृह. मंडळाने अंतिम आदेश देऊन ठेवलं तर ते विशेष गृह, तिथे जास्तीत जास्त तीन वर्षं. अनाथ, हरवलेली, मारहाण झालेली मुलं बालगृहात जातात आणि त्यांचं बघते बाल कल्याण समिती. ते दारच वेगळं. एक बाप माझ्या डोळ्यांदेखत दोन तास समितीच्या बाकावर बसून होता, आणि त्याच्या पोराची तारीख मंडळात होऊन गेली. मुलींचं निरीक्षणगृह वेगळं असतं. पोलिसांकडून नेमका पत्ता लिहून घ्या, नुसतं 'रिमांडला' ऐकून निघू नका.

आत गेल्यावर वैद्यकीय तपासणी होते. पोराला काही गोळ्या चालू असतील, फिट येत असेल, दमा असेल, तर चिठ्ठीसकट पहिल्याच दिवशी सांगा. वय आणि गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे मुलांना वेगळं ठेवायचं असतं. जेवण, कपडे, शिक्षण, समुपदेशन, कायदेशीर मदत हे सगळं मोफत देणं ही संस्थेची जबाबदारी आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो लुबाडतो आहे. मंडळानं महिन्यातून निदान एकदा तिथे जाऊन बघायचं असतं.

भेट साधारण आठवड्यातून एकदा. वार आणि वेळ विचारा, स्वतःचं ओळखपत्र न्या. नेलेली वस्तू तपासतात. मी पहिल्या भेटीला पाटोडी-रस्सा करून नेला. दिवसाला शंभर पोरांना वाढणारी बाई मी, आणि फाटकावर कळलं की शिजवलेलं आत जात नाही. बिस्किटाचे बंद पुडे आणि दोन बनियन तेवढे गेले. डबा परत आणला, रात्री मेसमध्ये वाढला. सगळी पोरं विचारत होती, काकू, आज काय विशेष?

भेटीची वेळ थोडी असते. ती 'काहून केलं असं' यात घालवू नका, पहिली भेट मी त्यातच घालवली. तो मान खाली घालून रडला आणि वेळ संपली. दुसऱ्यांदा चारच गोष्टी विचारल्या: झोप लागते का, पोट साफ होतं का, अंगाला खाज आहे का, कोणी मारतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर तोंडानं येत नाही, दंडावर, पाठीवर बघा. काही दिसलं तर फाटकावर भांडू नका, तुम्ही घरी जाल आणि पोरगं तिथेच राहील. लेखी अर्ज करून पुढच्या तारखेला थेट मंडळाला द्या, पोराला तिथेच बोलायला सांगा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तोही लावा. मुलाला मारणं हा संस्थेतल्या माणसासाठीही गुन्हाच आहे.

आमच्या घरी एक वाद झाला होता, तो बहुतेक घरांत होतो. बाप म्हणाला, "राहू दे आठ दिवस, अक्कल येईन." दीर म्हणाले, तेच बरं. मंडळासमोर असं म्हणणारे आईबाप मी नंतर पुष्कळ पाहिले, आणि मंडळाला ते 'घरी कोणी नको म्हणतंय' असंच ऐकू येतं. नऊ दिवसांत माझ्या पोराला कोणती अक्कल आली ते सांगते: हँडल लॉक न मोडता गाडी कशी सुरू करायची. शेजारच्या गादीवरच्या पोरानं शिकवलं. तो पोरगा वाईट नव्हता म्हणे, त्याला भेटायला कोणीच यायचं नाही.

पैसे आणि वकील

पैसे कमी आहेत म्हणून वकील नाही, असं मुलाच्या बाबतीत होऊच शकत नाही. विधी सेवा कायद्यानं मुलाला आणि बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 वर फोन करा. खासगी वकील केलात तरी हरकत नाही, मात्र बाल न्याय मंडळात आधी काम केलेला बघा. मोठ्यांच्या कोर्टातला नामांकित वकील इथे येऊन आवाज चढवतो आणि काम बिघडवतो.

बाहेर एक गृहस्थ मलाही भेटले होते, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. "ताई, आत बोलणं झालं आहे, पाच हजारांत उद्या पोरगा घरी." मी चार हजार दिले. ते परत आले नाहीत, तो गृहस्थही नाही. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही, आज वाचतील.

गुन्हा मोठा असेल तर

सोळा ते अठरा वय आणि गुन्हा असा की कमीत कमी शिक्षाच सात वर्षं, म्हणजे खून, बलात्कार या रांगेतला, तर गोष्ट वेगळी. मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक कुवत किती, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. ते तीन महिन्यांत व्हायला हवं. त्यावरून ठरतं की प्रकरण मंडळातच राहील की बाल न्यायालयात जाऊन मोठ्यांसारखं चालेल. अशा वेळी माझ्यासारखीच्या सल्ल्यावर राहू नका, पहिल्या दिवसापासून वकील हवा. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप कोणत्याही मुलाला होत नाही, एवढं मात्र पक्कं आहे.

घरी आल्यावर

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपायला हवी, फार तर दोन महिने वाढतात. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. शेवटी मंडळ काय करू शकतं? समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, आईबापाला दंड, परिविक्षेवर देखरेख, आणि अगदी शेवटी विशेष गृह. एकही तारीख चुकवू नका. तारखेच्या आदल्या दिवशी मी मेसच्या फळ्यावर भाजीच्या खाली लिहायचे: 'उद्या सकाळी पोहे नाहीत'.

वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकला होता, खाली 'चोर सापडला'. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता कुठल्याही माध्यमात उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी ग्रुपवर फक्त तेवढंच लिहिलं. चार मिनिटांत फोटो गेला. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ते मात्र मी विसरले होते.

तो आला त्या रात्री मी पुन्हा पाटोडी केली. तो खाली मान घालून भराभर जेवला, कोणी ताट ओढून घेईल असा. शेवटचा घास तोंडात असतानाच उठला, ताट घासलं, पालथं घालून भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिथेच उभा राहिला, पुढे काय करायचं हे कोणी सांगेल म्हणून. त्याआधी सोळा वर्षांत त्यानं ताट उचललं नव्हतं. माझी बहीण म्हणाली, "बस ना रे बाळा, घर आहे." बाप काही बोलला नाही, त्यानं टीव्ही लावला. पहिला आठवडा तो दिवा चालू ठेवून झोपायचा. आम्ही विचारलं नाही, बिल आलं ते भरलं.

पुढच्या आयुष्याची भीती सगळ्यांना असते, नोकरी लागेल का. मुलाच्या प्रकरणातल्या निकालानं पुढे अपात्रता येत नाही, आणि प्रकरण संपलेलं असेल तर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. ठरावीक मुदतीनंतर नोंद नष्टच करायची असते. सोळाच्या वरच्याचं प्रकरण मोठ्यांसारखं चाललं आणि त्यात दोषी ठरला, तर मात्र ही सवलत नाही. आयटीआय झाल्यावर बुटीबोरीच्या कंपनीनं पडताळणी मागितली, तेव्हा धाकटा दोन दिवस जेवला नव्हता. दाखला कोरा आला.

पाचव्या सुनावणीला मंडळानं समज देऊन प्रकरण बंद केलं. त्या दिवशी एक काम राहू देऊ नका: अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल अर्ज करून घ्या, लगेच, नंतर जाऊ म्हणू नका. आमची नक्कल, दाखल-खारीजचा उतारा आणि नाव चढवलेला जन्मदाखला असे तीन कागद प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. लोखंडी पेटीतच, त्याच शालूच्या घडीत.